विहिरीचा घोट

९ फेब्रुवारी

साबणाचा फेस निळा!

थोडासाच, पण निळा. जुईलीची दुपटी घासत होते. मोरीच्या पांढऱ्या फरशीवर फेस वाळला आणि कडेला निळी रेघ उरली. नखानं खरवडली, निघेना. दुपट्याचा रंग गेला म्हणावं तर सगळी दुपटी जुन्या धोतराची, पांढरीफक.

सासूबाईंना दाखवलं. त्या दोन पावलं मागं सरल्या, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. मी म्हटलं, अहो, साबण आहे नुसता!

नितेश बागेतून आल्यावर त्याला सांगितलं. "मोरचूद लागलं असन कपड्याले." संपलं! या नवऱ्याच्या तोंडून दुसरं वाक्य काढायचं तर नवस बोलावा लागेल. पण त्याचं बरोबर असेल. मागच्या हप्त्यात संत्र्यांच्या बऱ्याच खोडांना बोर्डो पेस्ट लावली, घरभर निळे हात फिरत होते.

१० फेब्रुवारी

डिंक्या आला आहे बागेत. साडेचारशे झाडांपैकी साठेक झाडांच्या बुंध्यातून डिंक गळतो. साल फाटते, पानं पिवळी पडतात आणि दोन-तीन वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. नितेशचं जेवणात लक्ष नाही. रागावू तरी कशी? बापाच्या हातची झाडं आहेत.

आज उरलेल्या ओळींसाठी नत्थुजी ओट्याजवळच पेस्ट कालवत बसले होते. बागेतला सगळ्यात जुना माणूस, सत्तरी गाठली, पण भरलेला ड्रम एकटे सरकवतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्याच ड्रमात. मग विळा बुडवला, बाहेर काढून उन्हात धरला. "पात्यावर तांबडं चढलं तं समजाचं, चुना कमी हाय. झाड जयते मंग."

मला हसूच आलं. लग्नाआधी अकोल्याला कॉलेजच्या लॅबमध्ये चार वर्षं हेच केलं मी! बारावीच्या पोरांसमोर मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवायचा. लोखंडावर तांबं चढतं. मोरचूद तापवलं की पांढरं, त्यावर थेंबभर पाणी टाकलं की परत निळं. पोरी ओरडायच्या, मॅडम, जादू! नत्थुजींना सांगितलं तर म्हणाले, "मंग तुमी आमच्यापक्षा हुशार आहा बाई." चेष्टा होती की खरं, कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

चहाला चव पैशाची. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. दोनदा ओतून दिला.

१६ फेब्रुवारी

दुपारी लाईट गेली आणि विहिरीनं घोट घेतला.

दुसरं काय लिहू? विहीर घराच्या मागं साठ पावलांवर, लिंबाआड. मोटर थांबली, सगळं शांत झालं, आणि मग गट्, गट्, गट्. लांब घोट. शेवटी एक सुस्कारा. माझे हात कणकेत तसेच राहिले. सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तहान लागते तिले."

तिले म्हणजे सीमाला. नितेशची पहिली बायको. आठ वर्षांपूर्वी तिचं दहा महिन्यांचं पोरगं काविळीनं गेलं आणि पंधराव्या दिवशी ती विहिरीत गेली. दुःखानं उडी घेतली म्हणतात. माझ्या बाबांना हे सगळं लग्नाआधी सांगितलं होतं, मीही ऐकून हो म्हटलं होतं. गेलेल्या माणसाची कसली भीती? फक्त एक नियम मला इथं आल्यावर कळला: सूनबाईनं विहिरीकडे जायचं नाही. दोन वर्षांत मी तिचा कठडाही धड पाहिलेला नाही. मोटरनं तिचंच पाणी घरात नळाला येतं, मग मला तरी काय करायचं होतं तिकडे!

पाइपातली हवा असेल. हवाच असणार.

२१ फेब्रुवारी

जुईलीला सात महिने झाले. माझं दूध मागच्या महिन्यात आटलं, तेव्हापासून पावडरचं देते. आज त्यावरून सासूबाईंशी चांगलीच जुंपली.

त्यांच्या भावाचं घर वरुडात. तिथून नळाचं पाणी कॅनमध्ये भरून येतं आणि ते त्या एकट्याच पितात. सीमा गेल्यापासून विहिरीचा थेंब तोंडात घेतलेला नाही. आंघोळीला चालतं, प्यायला नाही! नितेश तर दिवसभर बागेत नाहीतर वरुडच्या मंडीत, जिथं असेल तिथलं पितो. म्हणजे विहिरीचं पाणी पिणारे घरात दोघीच, मी आणि जुईली. आज म्हणाल्या, "पोरीले माह्या कॅनीतलं देत जा." मी म्हटलं, चार-चार दिवस साठवलेलं, दहा हात लागलेलं पाणी एवढ्याशा लेकराला? तुमची भुतं तुमच्याजवळ ठेवा. मी विहिरीचंच देईन, पण उकळून देईन. पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं! घड्याळ लावून, भांड्यातलं निम्मं होईस्तोवर. लॅबमध्ये काम केलेली बाई आहे मी!

जास्तच बोलले. त्या शेंगांची टरफलं भरत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिचंबी पोट्टं याच पान्यावर होतं व."

२६ फेब्रुवारी

जुईली तीनदा ओकली. दात येत असतील.

१ मार्च

गॅस हिरवा झाला.

जुईलीचं पाणी उकळायला ठेवलं होतं, मोठ्या आचेवर. उतू गेलं, बर्नरवर सांडलं आणि ज्योत हिरवी झाली. पोपटी नाही, गडद. भांड्याच्या बुडाभोवती हिरवी बोटं फिरल्यासारखी फिरली आणि परत निळी होऊन बसली. मी गॅस बंदच केला. परत लावायला हात धजेना.

बर्नर पितळेचा आहे, पितळ जळलं की हिरवं दिसतं. हे मला माहीत आहे. पण हा बर्नर दोन वर्षं जळतो आहे. आजच काय झालं त्याला?

४ मार्च

सासूबाईंचे केस हिरवे होऊन राहिले आहेत!

देवाशपथ. उन्हात वेणी घालायला बसल्या तेव्हा दिसलं. पांढऱ्याशुभ्र केसांवर टोकांना शेवाळासारखी झाक. तेल कोणतं लावता, विचारलं. नेहमीचंच. मी आरसा आणून दिला. त्यांनी बघितलं आणि आरसा पालथा घातला. "घरात आली ते," एवढंच म्हणाल्या.  मी रागावून बोलले. मला भीती वाटली की मी चिडते, आईसारखी.

५ मार्च

जुईली पीत नाही. बाटली दिसली की तोंड फिरवते. पोट टम्म.

६ मार्च

आज लाईट चारदा गेली. चारही वेळा घोट.

चौथ्या वेळी मी जुईलीला घेऊन मागच्या दारात उभी राहिले मुद्दाम. ऊन असं की डोळे उघडेनात. पान हलत नव्हतं. लिंबावरची पाखरंही गप्प. मोटर थांबली, आणि आधी काहीच नाही. मग आवाज आला. कोणी फार दिवसांचं तहानलेलं माणूस लोटा तोंडाला लावून पितं, तसा. जुईलीनं मान त्या बाजूला वळवली. ऐकत राहिली. आवाज थांबला तशी रडायला लागली.

सासूबाई म्हणतात, सीमाला पोरगं पाहिजे. मी म्हटलं, भैताडासारखं बोलू नका! सासूला असं बोलले मी. आयुष्यात पहिल्यांदा. 

८ मार्च

देवघराच्या बाजूला सीमाचा फोटो आहे. दोन वर्षं मी तो पुसते, पण आज नीट बघितला. बारीक चेहरा. ब्लाऊजला सेफ्टी पिन लावलेली. फोटोवाल्यानं हस म्हटलं असेल आणि तिला जमलं नसेल, असं तोंड. माझ्यापेक्षा लहान असेल तेव्हा.

सगळे बाहेर होते. मी हात जोडले. बीएस्सी झालेली बाई, फोटोसमोर रडले! म्हटलं, बाई, तुझं घर घे, तुझा नवरा घे, मी अकोल्याला निघून जाते. माझी पोरगी मला ठेव.

९ मार्च

डोळे पिवळे. आधी मला वाटलं ऊन आहे. खिडकी लावली. पिवळेच.

सासूबाईंनी बघितलं आणि जमिनीवर बसल्या. "तसेच पिवये," म्हणाल्या, "तसेच. त्याचे बी." नितेशनं मोटारसायकल काढली. किक मारताना दोनदा पाय सटकला त्याचा.

१० मार्च

वरुडच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, इथं वेळ घालवू नका, अमरावतीला न्या. यकृत सुजलं आहे.  भाड्याच्या गाडीत, मोर्शी गेल्यावर, नितेश एकदम म्हणाला, "हे बी जाईन काय?" मला विचारत होता की कोणाला, माहीत नाही. मी पोरीला छातीशी इतकं दाबलं की ती कळवळली.

सासूबाई मागं बसून पूर्ण रस्ता तुकडोजी महाराजांचं नाव घेत होत्या. मीही मनात घेतलं. आता काय लपवायचं!

११ मार्च

सलाईन. एवढ्याशा हाताला फळी बांधली आहे. झोपते, कण्हते, झोपते. मरू नको ग. मरू नको.

१३ मार्च

डॉक्टर म्हातारे आहेत, हळू बोलतात. आज खुर्ची ओढून समोर बसले. विचारलं, बाळाचं दूध पितळेच्या भांड्यात तापवता का? तांब्याच्या? आधी अशी पुष्कळ मुलं यायची म्हणे, भांड्याला कल्हई नसायची, दुधातून तांबं पोटात जायचं आणि यकृत निकामी व्हायचं. मी म्हटलं, नाही हो डॉक्टर. स्टीलचं भांडं, उकळलेलं पाणी. वीस मिनिटं उकळते. किती अभिमानानं सांगितलं मी!

ते म्हणाले, रक्त तपासायला पाठवतो, तांबंही बघायला सांगतो. पाणी कुठलं? मी म्हटलं, विहिरीचं. त्यांनी लिहून घेतलं.

१४ मार्च, सकाळ

ओकारी थांबली. चौथा दिवस. इथं नळाचं पाणी आहे.

आता हॉस्पिटलच्या मोरीत तिचं दुपटं धुतलं. फेस पांढरा. मी बघतच राहिले. पाणी टाकलं, परत घासलं, परत बघितलं. पांढरा! मागं उभी असलेली बाई म्हणाली, झालं असलं तर सरका ना ताई. मला सरकता येईना.

निळा फेस. हिरवी ज्योत. पैशाची चव. हे मी बारावीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायचे! चार वर्षं!

विहिरीत तांबं आहे. पण विहिरीत तांबं येईल कुठून?

१४ मार्च, रात्री

दुपारच्या बसनं वरुडला आले, तिथून ऑटोनं मळ्यात. जुईलीजवळ नितेश आणि सासूबाई. कपडे आणते असं सांगून निघाले होते. घरात न शिरता सरळ मागं गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

विहीर मोठी आहे, बांधीव. कडेनं दगडी पायऱ्या खाली जातात. उन्हाळ्यानं पाणी खोल गेलं होतं. ऊन थेट आत पडलं होतं, तरी तळ दिसत नव्हता. कठड्याला कडीत अडकवलेली लोखंडी साखळी पाण्यात सोडलेली होती, बादलीची. ती मी ओढली.

वरची साखळी गंजलेली, काळी. पाण्यात होती तेवढी तांबडी. गंजाची नाही, नव्या पैशासारखी तांबडी. चकाकत होती. बोटानं चोळलं तर बोटालाही लागलं.

बाजूला मोटरची खोली. दार उघडंच. आत निळा ड्रम, दोनशे लिटरचा. ड्रमातून एक बारीक नळी निघून मोटरच्या मोठ्या पाइपाला जोडलेली. ड्रमावरचं फडकं उचललं. मोरचूद! खोडाला लावायची घट्ट पेस्ट नाही, नुसतं पाण्यात विरघळवलेलं मोरचूद, निळंशार, आपला चेहरा दिसेल असं.

मी तिथं उभी असतानाच लाईट गेली.

मोटर गुरगुरून थांबली. आणि गट्. माझ्या कानाजवळ. ड्रममधलं निळं थरथरलं आणि खाली जायला लागलं. बोटभर. चार बोटं. नळीतून निळी धार मोठ्या पाइपात ओढली जात होती आणि पाइपातलं पाणी उलटं विहिरीत धावत होतं. मी पळत कठड्याशी गेले. खाली पाइपाच्या तोंडातून हिरव्या पाण्यात निळा धूर सुटत होता. शेवटी तो सुस्कारा आला. हवेचा.

मला हसू फुटलं. खरंच, मोठ्यानं हसले मी, विहिरीवर एकटी! मग जुईलीची बाटली आठवली आणि तोंडच दाबून धरलं.

लेबलाची पाण्याची बाटली पिशवीत होती. ती घेऊन पायऱ्या उतरले. तपासायला नमुना पाहिजे. आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या. बाटली भरली, बूच लावलं, वळले आणि पाय सटकला. पुरा. एका हातानं साखळी सापडली म्हणून. गुडघा फुटला, पण बाटली सोडली नाही. वर यायला किती वेळ लागला कोण जाणे. वर आले तर समोर नत्थुजी उभे. माझ्या हातातली बाटली बघितली आणि होते तिथंच जमिनीवर बसले. 

मग मीच विचारलं, हा ड्रम कशाचा? म्हणाले, "दुकानदारानं सांगतलं, नुसतं खोडाले लावून भागत नाही, मुयाले बी द्या. ठिबकातून सोडा म्हणे." आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपाला झडप असते, ती? "ते फसे. पानी कमी फेके. ठिबक घेतलं तवाच काढून ठेवली." खोलीच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. खोक्यात होती, धूळ खात.

"डरम आपोआप खाली होये," म्हणाले. "आमाले वाटे, झाडंच पिऊन राह्यले."

१५ मार्च

बाटली अमरावतीला तपासायला दिली. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि औषध आजच सुरू करतो म्हणाले, तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं. पाणी उकळलं की जंतू मरतात, तांबं कुठं जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत असलेलं मला कशाला सांगतील?

वीस मिनिटं. निम्मं होईस्तोवर. पाणी उडून गेलं आणि तांबं तेवढंच राहिलं, दुप्पट कडक होऊन. मी आटवून पाजलं तिला. सासूबाईंनी कॅन पुढं केली होती. त्यांची भुताची भीती ऐकली असती तर पोरगी आज खेळत असती. हे कोणाला सांगू? सासूबाईंना सांगायची हिंमत नाही.

१६ मार्च

सांगितलं. सासूबाईंना. पाया पडले. त्यांनी मला उठवलं नाही, माझ्याजवळ खालीच बसल्या. "तुले तं चांगलंच कराचं होतं ना व," म्हणाल्या. आम्ही दोघी वॉर्डच्या फरशीवर बसून रडलो. नर्स ओरडली.

१९ मार्च

पाण्याचा रिपोर्ट आला. प्यायला चालतं त्याच्या कितीतरी पट तांबं. कागद नितेशच्या हातात दिला आणि चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सगळं समजावलं: ड्रम, नळी, झडप, लाईट. तो कागद धरून बसला. टपरीवाल्यानं चहा ठेवला, त्यावर साय आली.

मग म्हणाला, "त्या सालीबी डिंक्या होता."

मला आधी कळलं नाही.

"ठिबक नवंच घेतलं होतं. तवाबी सोडलं होतं मोरचूद. ते गेली, मंग बंद केलं. बागेत पायच नाही टाकला मी सालभर." त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, परत काढली. "म्हंजे त्या पोराले..."

  भर रस्त्यावर नवऱ्याचा हात धरून बसले.

२१ मार्च

नितेश मळ्यात जाऊन आला. नळी तोडली. झडप बसवली. ड्रम फोडला म्हणे, कुऱ्हाडीनं. एवढा शांत माणूस!

२४ मार्च

हसली!! नर्सच्या टोपीकडे बघून. डोळ्यातलं पिवळं कमी आहे, डॉक्टरही म्हणाले. यकृत अजून मोठं आहे, औषध सहा महिने तरी, दर पंधरवड्याला रक्त. पण हसली. मी वॉर्डभर पेढे वाटते म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "नजर लागन, गप ऱ्हाय." बरं, गप्प.

३० मार्च

घरी. पाणी वरुडहून, चार कॅन, सासूबाईंच्या भावाकडून. उद्यापासून विहीर उपसणार. सगळी, गाळासकट.

सासूबाईंनी सीमाचा फोटो पुसला, मी हार घातला. आता मला तिची भीती वाटत नाही, वाईट वाटतं फक्त. आठ वर्षं या घरात सगळे तिला घाबरून राहिले. पोर गेल्यावर बिचारीला काय वाटलं असेल, ते मला आता थोडंफार कळतं. मीही कदाचित तिच्याच मार्गानं गेले असते.

४ एप्रिल

विहीर उपसून झाली. संध्याकाळी नत्थुजी कठड्यावर बसले होते. मी विचारलं, त्या दिवशी मला वर येताना बघून तुम्ही असे खाली का बसलात?

त्यांनी गाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "सीमाबाईले मीच बाहीर काहाडलं होतं, बाई. आदल्या दिशी सांगत होती सगळ्याइले, पानी पैशावानी लागते म्हून. कोनी मनावर नाही घेतलं. काहाडली तं मुठीत बाटली होती. पान्यानं भरून. बूच घट्ट लावून."

बाटलीचं काय केलं, मी विचारलं.

"ओतून देल्ली."